क्लिस्थेनिस गावात नव्हता तेव्हा

लोकशाहीचा जनक म्हणून पाठ्यपुस्तके ज्याचे नाव घेतात, तो दिसायला कसा होता हे कुणालाच ठाऊक नाही. क्लिस्थेनिसचा एकही प्राचीन पुतळा आपल्यापर्यंत पोचलेला नाही. त्याचे म्हणून एखादे भाषण नोंदलेले नाही, मृत्यूचे वर्षही नाही. अथेन्सच्या अगोरात, म्हणजे बाजारचौकात, पुतळे उभे राहिले ते दुसऱ्याच दोघांचे. हार्मोडियस आणि ॲरिस्टोगायटन या जोडीने इ.स.पू. 514 मध्ये हुकूमशहा हिप्पियासचा भाऊ हिप्पार्कस याला उत्सवाच्या गर्दीत भोसकले. मूळ कारण प्रेमप्रकरणातला अपमान होते, असे इतिहासकार थ्युसिडिडिस स्वच्छ सांगतो. खुनानंतर हुकूमशाही संपली तर नाहीच, आणखी जाचक झाली. तरीही अथेन्सकरांनी या दोघांना मुक्तिदाते मानले. इराणचा सम्राट झर्क्सिस इ.स.पू. 480 मध्ये त्यांचे पुतळे उचलून घेऊन गेला, तर तीन-चार वर्षांतच शहराने नवे घडवून घेतले.

यावरूनच अथेन्सच्या अगोरात, अटॅलसच्या स्टोआच्या लांबलचक ओवरीत, एका मामा-भाचीची जुंपली. मामा आयुष्यभर पुण्यात राज्यशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. भाची मुंबईत वकिली करणारी. महापालिकेच्या प्रभागरचनेवरचे आक्षेप लढवणे हे तिचे मुख्य काम. दोघांनीही हेरोडोटस वाचलेला, आणि दोघांनाही माघार घ्यायची सवय नाही.

"अन्यायच म्हणायचा हा," मामा म्हणाले. "खून करणाऱ्यांना पुतळे, आणि ज्याने राज्य उभे केले त्याला काही नाही."

"उभे केले कुणी, हाच तर प्रश्न आहे," भाची म्हणाली. "लोक ज्या दिवशी उठले त्या दिवशी तुमचा क्लिस्थेनिस गावातच नव्हता, मामा."

तिचे म्हणणे खरे आहे. पण ते कळायला थोडे मागे जावे लागते.

पिसिस्ट्रेटस या हुकूमशहाने इ.स.पू. 546 पासून अथेन्सवर पक्की पकड बसवली. तो 527 च्या सुमारास वारला आणि सत्ता मुलांकडे गेली. हिप्पियासला अखेर 510 मध्ये हाकलले ते अथेन्सकरांनी नाही, स्पार्टाचा राजा क्लिओमेनिस याने. त्याला या कामाला लावणारे घराणे होते ॲल्कमियोनिडांचे, म्हणजे क्लिस्थेनिसचे. डेल्फीचे अपोलोचे मंदिर जळाले होते. ते पुन्हा बांधायचा ठेका या घराण्याने घेतला. अथेन्सकर सांगत ती कथा हेरोडोटसने नोंदली आहे: ॲल्कमियोनिडांनी मंदिरातल्या पुजारिणीला पैसे चारले, आणि कोणताही स्पार्टन कसलाही कौल मागायला आला की तिने त्याला एकच उत्तर द्यायचे ठरले, अथेन्सला मुक्त करा. देवच पुन्हा पुन्हा सांगतोय म्हटल्यावर धर्मभीरू स्पार्टन किती दिवस थांबणार?

"म्हणजे लोकशाहीचा श्रीगणेशा लाचेने झाला," भाची म्हणाली.

"लाच म्हण. पण करारात साधा चुनखडीचा दगड होता आणि दर्शनी भाग त्यांनी पारोसच्या संगमरवरात बांधून दिला, हेही हेरोडोटसच सांगतो. ठेकेदाराने ठरल्यापेक्षा भारी माल वापरला, असा खटला तुझ्याकडे कधी आलाय?"

भाची हसली, पण तिच्या हातात याहून चांगला पुरावा होता. हुकूमशाहीच्या सबंध काळात आपण परागंदा होतो, असे ॲल्कमियोनिड मिरवत. हेरोडोटसने ते खरे धरले. मात्र याच अगोराच्या उत्खननात शिलालेखाचा एक तुकडा मिळाला आणि तो 1939 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यावर वर्षवार आर्कनांची, म्हणजे शहराच्या सर्वोच्च अधिकाऱ्यांची, नावे होती. हिप्पियास आणि मिल्टियाडिस यांच्या मध्ये एक नाव. पहिले अक्षर तुटलेले, उरलेल्या अक्षरांत क्लिस्थेनिस स्पष्ट वाचता येतो. वर्ष येते इ.स.पू. 525. हुकूमशहाने स्वतः पद भूषवले आणि पुढच्याच वर्षी ते या गृहस्थांना मिळाले.

"परागंदा म्हणे!" भाची म्हणाली. "हिप्पियासच्या पंक्तीला बसून जेवलेला माणूस. पुढे बिनसले असेल आणि बाहेर पडले असतील. मग इतिहास धुऊन घेतला."

मामांनी हे नाकारले नाही. त्यांचा मुद्दा वेगळा होता. खानदानी माणसाने हुकूमशहाशी जुळवून घेतले यात नवल ते काय. त्या काळी राजकारण ज्याला कळत होते असा प्रत्येकजण खानदानीच होता. मिल्टियाडिसही त्याच यादीत आहे, आणि पुढे मॅरेथॉन त्यानेच जिंकून दिले. "माणसाचे आधीचे वीस वर्षांचे वागणे पाहून त्याचे शेवटचे काम मोजायचे नसते," ते म्हणाले.

या घराण्याची गंमत आणखी एका प्रसंगात आहे आणि ती गाळवत नाही. क्लिस्थेनिसचे नाव त्याच्या आईच्या वडिलांवरून ठेवलेले. ते सिक्योन शहराचे हुकूमशहा. मुलगी अगारिस्टे हिच्यासाठी त्यांनी ग्रीसभरातून वर बोलावले आणि वर्षभर पारखले. हिप्पोक्लिडिस नावाचा अथेन्सचा तरुण जवळजवळ नक्की झाला होता, पण शेवटच्या मेजवानीत तो टेबलावर चढला, डोक्यावर उभा राहिला आणि पाय हवेत नाचवू लागला. सासरेबुवा भडकले, मुलगी गेली क्लिस्थेनिसचा बाप मेगाक्लिस याच्या घरी. तो तरुण शुद्धीवर राहिला असता तर आजचा हा वाद झालाच नसता. याच आजोबांनी सिक्योनमधल्या विरोधी जमातींना डुक्कर आणि गाढव यांच्यावरून नावे दिली होती. नातवाने अथेन्सच्या जमाती बदलल्या त्या आजोबांची नक्कल म्हणून, असे हेरोडोटस गंभीरपणे लिहितो. भाचीला हे फार आवडते.

तर, हुकूमशहा गेला आणि बड्या घराण्यांत खेचाखेची सुरू झाली. एका बाजूला क्लिस्थेनिस, दुसऱ्या बाजूला इसागोरस. इ.स.पू. 508 मध्ये इसागोरस आर्कन झाला. क्लिस्थेनिस मागे पडला. आणि तेव्हा, हेरोडोटस म्हणतो, त्याने आधी दूर लोटलेल्या सामान्य जनतेला आपल्या पक्षात ओढले.

"हरल्यावर लोक आठवले," भाची म्हणाली. "निवडून आला असता तर आठवले असते का?"

"कदाचित नसते. पण हरलेले पुष्कळ असतात. इसागोरस हरू लागला तेव्हा त्याला काय आठवले? स्पार्टाची फौज."

हा टोला बरोबर बसला, कारण पुढे घडले ते असेच. इसागोरसने आपला मित्र क्लिओमेनिस याला हाक मारली. क्लिओमेनिसने जुना शाप उकरून काढला: सव्वाशे वर्षांपूर्वी सायलॉन नावाच्या बंडखोराच्या माणसांना देवाच्या आश्रयाला आलेले असताना ॲल्कमियोनिडांनी मारले होते, म्हणून हे घराणे विटाळलेले, त्याला बाहेर काढा. निरोप आला आणि क्लिस्थेनिस गुपचूप निघून गेला. मग क्लिओमेनिस थोडी फौज घेऊन शहरात शिरला. त्याने 700 कुटुंबे हद्दपार केली, नगरसभा बरखास्त करायला काढली आणि कारभार इसागोरसच्या 300 माणसांकडे द्यायचा बेत केला. सभेने हुकूम मानला नाही. तेव्हा क्लिओमेनिस आणि इसागोरस यांनी ॲक्रोपोलिसचा कब्जा घेतला. देवळात शिरताना पुजारिणीने राजाला अडवले, डोरियन वंशाच्या माणसाला इथे प्रवेश नाही. त्यावर तो म्हणाला, मी डोरियन नाही, अकियन आहे. पुजारिणीशी वाद घालायला त्याला वेळ होता. खाली काय जमते आहे हे मात्र त्याने पाहिले नाही.

खाली सगळे अथेन्स जमले होते. दोन दिवस वेढा. तिसऱ्या दिवशी तह होऊन स्पार्टन निघून गेले, त्यांच्याबरोबर इसागोरसही सटकला. त्याचे मागे राहिलेले साथीदार पकडून ठार मारण्यात आले. जवळजवळ शंभर वर्षांनी, 411 मध्ये, ॲरिस्टोफेनिसच्या 'लिसिस्ट्राटा' नाटकात म्हाताऱ्यांचा कोरस त्या वेढ्याची फुशारकी मारतो आणि भुकेल्या, मळक्या क्लिओमेनिसची टर उडवतो. शहराच्या आठवणीत तो विजय होता, आणि तो सगळ्यांचा होता.

"आता सांगा," भाची म्हणाली, "यात पुढारी कोण? हेरोडोटस एकाचेही नाव देत नाही. इसागोरस वर किल्ल्यात, क्लिस्थेनिस परमुलखात, त्याचे 700 पाठीराखे हद्दपार. जे उरले ते कुंभार, शेतकरी, खलाशी. त्यांनी अख्ख्या ग्रीसमधल्या सर्वांत दरारा असलेल्या राजाला तीन दिवसांत हात वर करायला लावले. क्लिस्थेनिसला परत बोलावले तेही त्यांनीच."

हे एकट्या तिचेच मत नाही. जोसाया ओबर या अमेरिकन इतिहासकाराने 1990 च्या दशकात हीच बाजू जोरकसपणे मांडली: 508-507 ची क्रांती लोकांनी केली, क्लिस्थेनिसने तिचा अर्थ ओळखला आणि तिला संस्थांचे रूप दिले. त्या आधी दीडशे वर्षे, जॉर्ज ग्रोटच्या ग्रीसच्या मोठ्या इतिहासापासून, क्लिस्थेनिस हाच नायक होता.

मामांचे उत्तर काळाच्या क्रमावर उभे होते. लोक चिडले, हे मान्य. पण कशासाठी लढले? हेरोडोटसने जमातींची नवी रचना उठावाच्या आधी सांगितली आहे. म्हणजे लोकांच्या हातात काहीतरी आले होते, निदान वचन तरी, आणि ते जाऊ द्यायचे नव्हते. शिवाय ज्या सभेने क्लिओमेनिसचा हुकूम धुडकावला ती कुठली? क्लिस्थेनिसची नवी 500 जणांची असेल तर प्रश्नच मिटला.

"आणि जुन्या कायदेकर्त्या सोलोनची 400 जणांची असेल तर?" भाची लगेच म्हणाली. "विद्वानांत त्यावर अजून एकमत नाही. आणि ॲरिस्टॉटलच्या परंपरेतला अथेन्सच्या राज्यघटनेवरचा ग्रंथ सुधारणा उठावाच्या नंतर घालतो."

तो ग्रंथ मिळाला कसा तेही सांगण्यासारखे आहे. इजिप्तमधल्या एका शेताच्या जमाखर्चाच्या कागदांची मागची बाजू कोरी होती. कुणीतरी त्यावर हा मजकूर उतरवून घेतला. ब्रिटिश म्युझियमने ते पपायरस मिळवले आणि फ्रेडरिक केन्यनने 1891 मध्ये मजकूर छापला. ग्रोटला तो पाहायला मिळाला नाही. क्लिस्थेनिसच्या रचनेबद्दल आज जे बारकावे कळतात त्यांतले बहुतेक याच कागदांतून आलेले आहेत.

मग दोघे उठून प्निक्सच्या टेकडीकडे चालू लागले. इथे नागरिकांची सभा भरत असे, आणि तिचे पहिले रूप साधारण इ.स.पू. 500 च्या आसपासचे, म्हणजे याच घडामोडींच्या मागोमागचे मानतात. चढावर मामांना दम लागत होता, तरी रचनेचे वर्णन त्यांनी थांबून थांबून पुरे केले. ते ऐकण्यासारखे होते, कारण क्लिस्थेनिस खरा कळतो तो इथे.

पूर्वी अथेन्सच्या चार जमाती होत्या, आयॉनच्या चार मुलांच्या नावांशी जोडलेल्या. माणूस रक्ताने जमातीत येई, आणि जमातीत बड्या घराण्यांचा शब्द चाले. क्लिस्थेनिसने हे राजकारणातून बाजूला सारले. मोडले मात्र नाही. कुळे, भाऊबंदकी, पुरोहितपणाचे जुने मान तसेच ठेवले. त्याने खाली सुरुवात केली. ॲटिका प्रदेशातली गावे आणि शहरातल्या वस्त्या यांना डीम म्हणून मान्यता दिली; आपल्याला 139 डीम माहीत आहेत. त्यांचे 30 गट केले: 10 शहर परिसरातले, 10 किनाऱ्यावरचे, 10 आतल्या मुलखातले. प्रत्येक भागातून एक असे तीन गट जोडून एक जमात. अशा 10 जमाती. पांडिओनिस जमातीत ॲक्रोपोलिसजवळचे किदाथेनियन होते, आतल्या सपाटीवरचे पायानिया होते आणि पूर्व किनाऱ्यावरचे मिरिनूसही. या तीन ठिकाणच्या माणसांची एरवी एकमेकांशी ओळख व्हायचे कारण नव्हते.

आता ती होणारच होती. लढाईत जमात एका रांगेत उभी राहायची. 501 पासून प्रत्येक जमातीतून एक असे दहा सेनापती निवडले जाऊ लागले. डायोनिससच्या उत्सवात प्रत्येक जमात पन्नास पुरुषांचा आणि पन्नास मुलांचा कोरस उभा करी, म्हणजे वर्षाला हजार गाणारे. नगरसभेत प्रत्येक जमातीचे पन्नास, एकूण 500. आणि हे पन्नास पुन्हा डीमच्या आकारमानाने वाटलेले: कोळसा पाडणाऱ्यांच्या मोठ्या अखार्नीला 22 जागा, तर चिमुकल्या डीमला एकच. पण एक तरी असेच. पुढे पक्क्या झालेल्या नियमाप्रमाणे तिशी ओलांडलेला नागरिक आयुष्यात दोनदाच या सभेत बसू शकत होता. दहा वर्षांत पाच हजार जागा. नागरिक साधारण तीस हजार धरले तर घराघरात कुणीतरी कधी ना कधी सभेत बसून आलेले असणार.

"आणि नवीन जमातींची नावे?" मामा म्हणाले. "शंभर वीरांची यादी डेल्फीला पाठवली. पुजारिणीने दहा निवडले. एकाही घराण्याला म्हणता येईना की आमचा पूर्वज गाळला."

"तीच पुजारीण ना, तुमच्या संगमरवरवाल्यांची?"

मामांना हसू आवरले नाही.

भाचीचा खरा हल्ला मात्र नकाशावर होता, आणि इथे ती तिच्या घरच्या मैदानात होती. प्रभागाची रेघ नाल्याच्या अलीकडून न्यायची की पलीकडून, यावर कोण निवडून येणार हे कसे ठरते, ते तिने कोर्टात कितीदा मांडले असेल. तिने मॅरेथॉनच्या परिसराचे उदाहरण दिले. तिथे चार गावांचा एक जुना संघ होता, स्वतःच्या देवदेवतांसह. नव्या रचनेत मॅरेथॉन, ओइनोए आणि ट्रिकोरिंथस एका जमातीत ठेवले आणि चौथे गाव, प्रोबालिंथस, उचलून दुसऱ्या जमातीला जोडले. तो भाग पिसिस्ट्रेटसच्या जुन्या पाठीराख्यांचा. इंग्लंडचे डेव्हिड लुईस यांनी 1963 मध्ये असे अनेक तुकडे दाखवून दिले आणि प्रश्न विचारला की या मोडतोडीत कुणाचे बालेकिल्ले फुटले आणि कुणाचे शाबूत राहिले. ॲल्कमियोनिडांच्या शहराजवळच्या डीम मात्र तीन वेगवेगळ्या जमातींत सोयीने पसरल्या.

"रेघ ओढणारा हात निरागस नसतो, मामा. हे मला शिकवायला ग्रीसला यायची गरज नव्हती."

"मग त्या हाताला मिळाले काय, तेही मोज," मामा म्हणाले. वर बसायला एक सपाट खडक होता. तिथे टेकून त्यांनी आपला सर्वांत भक्कम मुद्दा काढला.

अथेन्समध्ये वर्षातून एकदा लोकांना विचारले जाई की कुणाला दहा वर्षांसाठी हद्दपार करायचे आहे का. उत्तर हो आले तर प्रत्येकजण खापराच्या तुकड्यावर नाव खरडून टाकी. सहा हजारांचा आकडा गाठावा लागे. आरोप नाही, खटला नाही, मालमत्ता जप्त नाही. फक्त दहा वर्षे दूर राहायचे. ॲरिस्टॉटलची परंपरा ही पद्धत क्लिस्थेनिसच्या नावावर घालते. ती पहिल्यांदा वापरली गेली 487 मध्ये, हुकूमशहांच्या नात्यातल्या हिप्पार्कसवर, हा चार्मसचा मुलगा. दुसऱ्याच वर्षी पाळी आली मेगाक्लिसची. तो क्लिस्थेनिसचा सख्खा पुतण्या. 1960 च्या दशकात अथेन्सच्या केरामाइकोस भागात खापरांचा मोठा ढीग सापडला, साडेआठ हजारांच्या आसपास, आणि त्यातल्या निम्म्याच्या घरात खापरांवर याच मेगाक्लिसचे नाव होते. आणखी दोन वर्षांनी घराण्याचा जावई झांथिप्पस गेला.

"काकाने रचलेल्या यंत्राने पुतण्याला बाहेर फेकले," मामा म्हणाले. "असा कसा ग हा मतलबी नकाशा?"

"झांथिप्पसचा मुलगा कोण, ते नाही सांगितलेत. पेरिक्लिस. आई अगारिस्टे, क्लिस्थेनिसची पुतणी. सलग पंधरा वर्षे सेनापती निवडून आला, आणि थ्युसिडिडिसनेच लिहून ठेवलेय की नावाला लोकशाही असली तरी राज्य एका पहिल्या माणसाचे होते. पुढच्या पिढीतला पुढारी अल्सिबायाडिस, त्याची आईही याच घरातली. यंत्र फेकत होते तसे उचलूनही घेत होते."

"पेरिक्लिसलाही 430 मध्ये पदावरून काढून दंड केलाच की."

"कुणी काढले? लोकांनी. मी सकाळपासून तेच म्हणतेय."

मामांनी मग खिशातले शेवटचे नाणे काढावे तसे एक उदाहरण काढले. ॲक्रोपोलिसच्या उत्तर उतारावर एका विहिरीत 1937 मध्ये 190 खापरे मिळाली. सगळ्यांवर थेमिस्टोक्लिस या पुढाऱ्याचे नाव, पण अक्षर पाहिले तर लिहिणारे हात अवघे चौदा. विरोधकांनी आधीच लिहून ठेवलेली, वाटायला तयार. "तुझे लोकही कुणाच्या तरी हातून लिहून घेत होते," ते म्हणाले.

या गोष्टीने भाची थोडी थांबली. हेरोडोटसनेही असाच एक बोचरा शेरा मारलेला आहे. इ.स.पू. 499 मध्ये मिलेटसचा ॲरिस्टागोरस इराणविरुद्धच्या बंडासाठी मदत मागत आला. स्पार्टात त्याला एकट्या क्लिओमेनिसला पटवता आले नाही, अथेन्समध्ये मात्र तीस हजारांना पटवले आणि वीस जहाजे मिळवली. एकापेक्षा अनेकांना फसवणे सोपे दिसते, असे इतिहासकार म्हणतो. तरी याच हेरोडोटसने 506 सालची हकीकतही दिली आहे. त्या वर्षी बिओशियन आणि काल्किसकर दोघांनी अथेन्सवर चाल केली, आणि नव्या फौजेने एकाच दिवसात दोघांना हरवले. काल्किसच्या जमिनीवर चार हजार अथेन्सकर वसवले गेले. हुकूमशहांच्या अमलात जे शेजाऱ्यांपेक्षा लढायला बरे नव्हते ते मोकळे होताच पहिले ठरले, कारण आता जो तो स्वतःसाठी झटत होता, असा त्याचा निष्कर्ष. त्या वाक्यांत क्लिस्थेनिसचे नाव नाही. समान अधिकाराचे आहे.

एका जागी दोघांचेही एकमत झाले आणि ती जागा सुखाची नव्हती. प्निक्सवर बाया नव्हत्या. गुलाम नव्हते. पिढ्यान्‌पिढ्या अथेन्समध्ये राहणारे परके कारागीरही नव्हते. सोलोनने 594 मध्ये अथेन्सकरांना कर्जापायी गुलाम करणे बंद केले, पण विकत आणलेल्या गुलामांना कुणीच हात लावला नाही. क्लिस्थेनिसने काही परक्यांना आणि मुक्त झालेल्या गुलामांना नागरिक करून घेतल्याचे ॲरिस्टॉटल म्हणतो. माणसाला बापाच्या नावाऐवजी डीमच्या नावाने ओळखायची रीत त्याने पाडली, म्हणजे नवा नागरिक बापाच्या नावावरून उघडा पडायला नको. हे दार थोडेसे किलकिले झाले होते. पेरिक्लिसने 451 मध्ये आईबाप दोघेही अथेन्सकर असण्याची अट घालून ते बंद केले.

उरला प्रश्न क्लिस्थेनिस गेला कुठे. परत बोलावल्यावर त्याचा पत्ता लागत नाही. स्पार्टाच्या भीतीने अथेन्सने सार्डिसला इराणी सुभेदाराकडे वकील पाठवले होते. त्यांनी मदतीच्या बदल्यात माती आणि पाणी, म्हणजे मांडलिकत्व, कबूल करून टाकले, आणि परत आल्यावर त्यांची खरडपट्टी निघाली. या भानगडीत क्लिस्थेनिसची पत गेली असावी असा काही अभ्यासकांचा तर्क आहे. एलियन हा पुष्कळ नंतरचा लेखक तर त्याला त्याच्याच खापरांच्या कायद्याने हद्दपार करतो. जुन्या लेखकांना यातले काही माहीत नाही. साडेसहाशे वर्षांनी आलेल्या पॉसेनियसने त्याचे थडगे मात्र केरामाइकोसच्या सार्वजनिक दफनभूमीत पाहिले, आणि ओळख दिली ती जमातींची रचना करणारा म्हणून. लोकशाहीचा उल्लेख त्याने तिथे केला नाही.

मामांना हे पुरेसे वाटते. घडवणारा निघून गेला आणि घडवलेले चालत राहिले, यातच त्याचा मोठेपणा, असे ते म्हणतात. भाचीच्या मते चालवणारे दुसरे होते, एवढेच यावरून सिद्ध होते.

प्रस्तुत लेखकाचा कल कुठे, हे सांगायला हरकत नाही. तीन दिवसांच्या वेढ्याचे श्रेय क्लिस्थेनिसला देता येत नाही. तो हजर नव्हता. त्याचा हेतू शुद्ध होता असे म्हणायलाही पुरावा नाही, उलट बराच पुरावा दुसरीकडे बोट दाखवतो. 411 मध्ये लोकशाही उलथवायला निघालेल्यांपैकी क्लिटोफोनने तर अशी सूचना मांडली की क्लिस्थेनिसचे कायदे शोधून काढा, कारण ते फारसे लोकाभिमुख नव्हतेच, सोलोनच्या जवळ जाणारे होते. शंभर वर्षांत त्याचे नाव दोन्ही बाजूंना वापरता येऊ लागले होते. पण कोळसेवाला, खलाशी आणि कुंभार यांना एका बाकावर बसवायचे, आणि कुणाही एका घराण्याला तो बाक कायमचा मिळू द्यायचा नाही, ही कल्पना जमावाला आपोआप सुचत नाही. ती कुणीतरी बसून, गावांची यादी समोर घेऊन आखावी लागते. ते काम त्याचे. त्याने ते स्वार्थाने केले असेल, तरी पुतण्याच्या नावाची चार हजारांहून अधिक खापरे त्या स्वार्थाला पुरून उरली. लोकांशिवाय ते कागदावरच राहिले असते, हेही तितकेच खरे, म्हणून जनक हे बिरुद त्याला एकट्याला द्यावेसे वाटत नाही.

वाचकांना एकच विनंती. हेरोडोटसच्या पाचव्या खंडातली 66 ते 78 ही प्रकरणे थोडक्याच पानांची आहेत. ती एकदा स्वतः वाचा, 72व्या प्रकरणात कोण काय करतो तिकडे नीट लक्ष द्या, आणि मग या मामा-भाचीत कुणाची बाजू घ्यायची ते ठरवा.